चावडीतील एकवीस नमुने

आळंदी ते पंढरपूर या पालखी मार्गावरील नातेपुते हे माळशिरस तालुक्यातील मुक्कामाचे आणि बाजाराचे गाव नीरा नदीच्या दक्षिणेस वसलेले आहे, आणि आता ते नगरपंचायत असले तरी त्याच्या शिवारातील प्रत्येक वावराची ओळख अजूनही चावडीतील दफ्तरावरूनच ठरते. हे दफ्तर म्हणजे साचलेल्या कागदांचा ढीग नव्हे. कोणती बाब कोठे नोंदवायची, ती कोणी नोंदवायची, तिच्यावरून दुसऱ्या कोणत्या कागदात काय उतरवायचे आणि नोंद खरी की खोटी हे कोणी तपासायचे, याची बारकाईने आखलेली रचना त्यामागे आहे. अशा रचनेला पुढे संगणकाच्या जगात माहिती प्रणालीचे विश्लेषण आणि आरेखन असे नाव मिळाले. दख्खनमध्ये मात्र ते काम संगणकाच्या शंभराहून अधिक वर्षे आधी सुरू झाले होते, आणि त्याचा पहिला यशस्वी प्रयोग नातेपुत्यासमोर, नीरेच्या पलीकडच्या तीरावर, इंदापूर तालुक्यात झाला.

माहिती प्रणाली म्हणजे एखाद्या कारभाराला लागणारी माहिती गोळा करणे, जपणे, जुळवणे आणि हवी तेव्हा हवी त्या रूपात देणे यासाठी माणसे, कागद किंवा यंत्रे आणि नियम यांची बसवलेली घडी होय. ही घडी अंदाजाने न बसवता ठरलेल्या टप्प्यांनी बसवावी, हा विचार 1970 च्या दशकात बळावला. एडगर कॉड यांनी 1970 मध्ये माहितीची मांडणी परस्परसंबंधित तक्त्यांत करण्याची कल्पना मांडली, पीटर चेन यांनी 1976 मध्ये वस्तू आणि त्यांचे संबंध आकृतीने दाखवण्याची रीत दिली आणि टॉम डिमार्को यांच्या 1978 च्या ग्रंथाने माहितीच्या ओघाचे चित्र काढण्याची पद्धत रूढ केली. ब्रिटिश सरकारच्या केंद्रीय संगणक व दूरसंचार यंत्रणेने लर्मंथ अँड बर्चेट या सल्लागार संस्थेकडून या साऱ्यांची एक सलग पद्धती घडवून घेतली. ती 1981 च्या सुमारास एसएसएडीएम या नावाने आली आणि 1983 पासून तेथील सरकारी प्रकल्पांना सक्तीची झाली. तिचा गाभा असा की कारभाराकडे तीन बाजूंनी पाहावे: नोंद करण्याजोग्या वस्तू कोणत्या, माहिती कोणाकडून कोणाकडे वाहते आणि कोणत्या घटनेने कोणती नोंद बदलते. तिन्ही चित्रे एकमेकांशी ताडून पाहावीत, आणि काय हवे याचा निर्णय पुरा होईपर्यंत ते कोणत्या यंत्रावर बसवायचे याचा विचार करू नये. या पद्धतीने कागदपत्रांचा डोंगर उभा राहतो अशी तक्रार संगणक क्षेत्रात नेहमी झाली. महसूल खात्यातील माणसाला ती तक्रार ऐकून नवल वाटणार नाही.

मराठेशाहीच्या काळात गावाचे दफ्तर कुलकर्ण्याच्या घरी असे. जमिनीची ठिकाणे आणि त्यांचे धारक सांगणारा थळझाडा, वर्षाची लागवड दाखवणारे लावणीपत्रक, वसुलीची रोजकीर्द आणि खतावणी, अखेरीस ताळेबंद, असे कागद मोडीत लिहिले जात आणि रुमालात बांधून ठेवले जात. गावच्या हिशेबावरून परगण्याचा आणि परगण्याच्या हिशेबावरून हुजुरातीचा हिशेब तयार होई, आणि पुण्याच्या फडात दोन्हींचा मेळ घातला जाई. ही व्यवस्था ढिसाळ होती असे मानणे चुकीचे ठरेल, कारण पेशवे दफ्तरातील हजारो रुमाल तिच्या शिस्तीची साक्ष देतात. तिचा दोष वेगळा होता. तिच्यात जमिनीचे मोजमाप बिघ्याचे आणि चावराचे असले तरी बिघा गावोगाव वेगळा पडे, आणि वावराची ओळख नावावर, शेजारावर व कुलकर्ण्याच्या आठवणीवर अवलंबून असे. कुलकर्णीपण वतनी असल्याने दफ्तरही घराण्याची मिरास ठरे, त्यामुळे कुलकर्णी बदलला किंवा रुसला की माहितीच हाताबाहेर जाई.

पेशवाई संपल्यानंतर दख्खनचा नवा कारभार लावताना इंग्रज अधिकाऱ्यांपुढे हीच अडचण उभी राहिली. रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याने 1820 च्या दशकाच्या अखेरीस पुणे जिल्ह्यात मोठी पाहणी केली. तिचा पाया अर्थशास्त्रातील एका तत्त्वावर होता: प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे एकूण उत्पन्न काढावे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करावा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा सरकारने घ्यावा. तत्त्व स्वच्छ होते, पण त्यासाठी लागणारे आकडे खरे मिळण्याची सोयच नव्हती. खालच्या कारकुनांनी आणि गावकऱ्यांनी दिलेल्या माहितीत लाचलुचपत आणि हातचलाखी शिरली, मोजणी चुकली, साऱ्याचा आकार बेसुमार चढला, आणि इंदापुरात शेते पडीक टाकून रयत शेजारच्या मुलखात निघून गेली. मिळूच न शकणाऱ्या माहितीवर आरेखन उभारले की त्याचे काय होते, याचा इतका ठळक दाखला पुढील दीडशे वर्षांत फारसा सापडत नाही.

इंदापूरचे काम नव्याने करण्यासाठी 1835–36 मध्ये एच. ई. गोल्डस्मिड आणि त्यांच्या मदतीस लेफ्टनंट जॉर्ज विंगेट व लेफ्टनंट नॅश यांना नेमण्यात आले. त्यांनी प्रिंगलचा प्रश्नच मोडून त्याचे दोन वेगळे प्रश्न केले. पहिला प्रश्न सापेक्ष होता: हे वावर शेजारच्या वावराच्या तुलनेने किती चांगले किंवा किती वाईट? दुसरा प्रश्न निरपेक्ष होता: या तालुक्याने एकंदर किती सारा सोसावा? पहिल्याचे उत्तर शेतात उभे राहून मातीत मिळत होते; दुसऱ्याचे उत्तर मागील अनेक वर्षांची वसुली, थकबाकी, लागवडीतील चढउतार, पाऊसमान आणि बाजारभाव यांवरून वरिष्ठ अधिकाऱ्याने द्यायचे होते. प्रतबंदी करणाऱ्या कारकुनाला दर ठाऊक नसे, आणि दर ठरवणाऱ्याला एकेका वावरात शिरण्याची गरज नसे. कोणा एकाच्या हाती दोन्ही दोर न ठेवल्यामुळे खोट्या नोंदीचा फायदाच कमी झाला. या विभागणीत विंगेटच्या पद्धतीचे खरे बुद्धिकौशल्य आहे, आणि तिच्यावर लिहिताना अभ्यासक साऱ्याच्या दरांत इतके गुंततात की हा मुद्दा बहुधा मागे पडतो.

शेतातील काम कसे चाले हे जवळून पाहण्यासारखे आहे. मोजणी 33 फुटांच्या साखळीने होई आणि साखळीचे 16 आणे पाडलेले असत. साखळी लांब व साखळी रुंद अशा चौरसाचा एक गुंठा आणि 40 गुंठ्यांचा एक एकर, हे माप आजतागायत चालू आहे. प्रत्येक वावराला सर्व्हे नंबर मिळाला, त्याच्या हद्दीवर दगड बसले आणि मोजणीची कच्ची आकृती टिपणात उतरली. प्रतबंदी करणारा कारकून वावराच्या आकृतीवर रेघा मारून त्याचे सारख्या आकाराचे भाग पाडी, प्रत्येक भागात खणून माती पाही आणि तिचा रंग व पोत यांवरून तीनपैकी एक वर्ग ठरवी. मग खोली मोजली जाई: पावणेदोन हात खोल काळी माती सोळा आण्यांची, दीड हाताची चौदा, सव्वा हाताची बारा, एक हाताची दहा, आणि याच क्रमाने पाव हाताची साडेचार आण्यांपर्यंत उतरे. चुनखडी मिसळलेली असणे, वाळू असणे, उतार असणे, पाण्याने धुपणे, पाणी साचणे असे दोष ठरलेल्या खुणांनी त्या त्या चौकटीत मांडले जात आणि एकेका दोषामागे प्रत एका पायरीने खाली येई. शेवटी सर्व चौकटींची सरासरी काढून वावराची आणेवारी प्रतिबुकात नोंदली जाई. तपासनीस अधिकारी त्यांतील काही वावरांत जाऊन पुन्हा खणून पाहत. खुणा ठरलेल्या असल्याने दोन कारकुनांच्या नोंदी ताडून पाहता येत, आणि पाटील काय म्हणतो यावर काही अवलंबून राहत नसे.

ही पद्धत इंदापुरात रुळली, आणि गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांच्या 1847 च्या संयुक्त अहवालाने ती मुंबई इलाख्याची प्रमाणपद्धती ठरली. तीस वर्षांसाठी आकार कायम करण्याची प्रथा तिच्याबरोबर आली. नातेपुते मात्र तेव्हा या व्यवस्थेत नव्हते. 1819 च्या तहाने सातारच्या छत्रपतींना मिळालेल्या राज्याची उत्तर हद्द नीरा आणि भीमा या नद्या होत्या, म्हणून इंदापूरची साखळी नदीच्या काठाशी थांबली. एका तीरावर दगडांनी हद्द दाखवलेले सर्व्हे नंबर आणि दुसऱ्या तीरावर कुलकर्ण्याचा थळझाडा, असा प्रकार काही काळ राहिला. 1848 मध्ये शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराजांच्या निधनानंतर गव्हर्नर जनरल डलहौसीने सातारचे राज्य खालसा केले, मग मोजणीदार नीरा ओलांडून आले, आणि पुढे माळशिरस तालुका सातारा जिल्ह्यातून सोलापूर जिल्ह्यात गेला. टिपण, प्रतिबुक, वसलेवार बुक, गुणाकार बुक आणि या सर्वांचा निष्कर्ष म्हणून प्रत्येक नंबरचे क्षेत्र व आकार सांगणारा आकारबंद, ही कागदांची साखळी तालुक्यातील गावांना तेव्हा मिळाली.

मात्र विंगेटच्या पद्धतीत एक मोठी उणीव जाणूनबुजून ठेवलेली होती. तिला सारा कोण भरतो एवढेच हवे होते. जमीन खरोखर कोणाची, तिच्यावर गहाण कोणाचे, वाटा किती जणांचा, हे तिच्या कक्षेबाहेर होते. सावकारी वाढली, दख्खनमधील 1875 चे दंगे झाले, न्यायालयांत दावे साचले आणि या उणिवेची किंमत कळून आली. 1903 च्या कायद्याने मुंबई इलाख्यात अधिकार अभिलेख, म्हणजे जमिनीवरील सर्व हक्कांची नोंदवही, सुरू झाला आणि 1913 मध्ये तो जमीन महसूल संहितेतच समाविष्ट झाला. आता गावदफ्तरात दोन वेगळ्या प्रणाली शेजारी शेजारी आल्या. पहिली मोजणीची, शांत आणि तीस वर्षांत क्वचित बदलणारी. दुसरी हक्कांची, जन्म, मृत्यू, खरेदी आणि गहाण यांनी रोज हलणारी.

त्यांची सांगड घालण्याचे काम एफ. जी. एच. अँडरसन या सनदी अधिकाऱ्याने केले. गाव, तालुका आणि जिल्हा यांच्या महसुली हिशेबांवरील त्याची पुस्तिका महाराष्ट्रातील तलाठी आणि मंडळ अधिकारी आजही नुसते ‘अँडरसन मॅन्युअल’ म्हणूनच ओळखतात. तिच्यात गावचे सारे दफ्तर क्रमांकांच्या नमुन्यांत बसवलेले आहे, आणि महाराष्ट्रात ते एक ते एकवीस असे चालत आले आहेत. नमुना 1 आकारबंदाचा, 3 इनाम किंवा दुमाला जमिनींचा, 6 फेरफारांचा, 7 अधिकार अभिलेखाचा, 8अ खातेदारनिहाय जमिनींचा, 9 पावत्यांचा, 11 पिकांच्या गोषवाऱ्याचा, 12 पीकपाहणीचा, 14 पाण्याच्या साधनांचा; टपाल तिकिटांच्या हिशेबालाही विसावा नमुना मिळाला आणि एकविसावा दैनंदिनीला. टपाल तिकिटांची वही आणि मालकी हक्काची वही एकाच मालिकेत पाहून आजच्या वाचकाला गंमत वाटेल, परंतु अँडरसनच्या दृष्टीने गावात निर्माण होणारी कोणतीही सरकारी नोंद मालिकेबाहेर राहता कामा नये, हेच महत्त्वाचे होते.

या रचनेचा कस एका साध्या घटनेवर लागतो. नातेपुत्यासारख्या गावी एखादा खातेदार मरण पावला की मूळ नोंद 7 वर थेट बदलता येत नाही. प्रथम वारसांची नोंदवही असलेल्या 6क मध्ये वारसांची नावे येतात. चौकशीनंतर नमुना 6 मध्ये क्रमाने फेरफार लिहिला जातो. संबंधितांना नोटिसा जातात आणि चावडीवरही नोटीस लावली जाते. हरकत आली तर प्रकरण 6अ या विवादग्रस्त नोंदवहीत जाते, आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो. त्यानंतरच 7 वरील जुने नाव कंसात जाऊन नवी नावे त्या फेरफाराच्या क्रमांकासह येतात आणि 8अ वरील खाते बदलते. जुने नाव खोडून काढले जात नाही, आणि कोणत्याही नावाशेजारचा क्रमांक धरून मागे गेले की ते नाव का आले याचा लेख सापडतो. लिहिणारा तलाठी, प्रमाणित करणारा मंडळ अधिकारी आणि लेखनातील चूक दुरुस्त करण्याचा अधिकार असलेला तहसीलदार ही माणसेही मुद्दाम वेगळी ठेवली आहेत. घटना, तिने बदलणारी नोंद आणि त्या बदलाचा अधिकार असलेली व्यक्ती यांचा हा आराखडा एसएसएडीएमच्या एखाद्या विश्लेषकासमोर ठेवला असता, तर त्याला आकृती काढण्यापलीकडे फारसे काही करावे लागले नसते. अर्थात लंडनच्या संगणक यंत्रणेने अँडरसनला वाचले होते असा याचा अर्थ नाही. कारभार मोठा आणि माणसे बदलती असली की विचार याच वाटेने येतो, इतकेच.

स्वातंत्र्यानंतर या रचनेला दोन धक्के बसले. कुलकर्णी वतने 1950 च्या कायद्याने गेली आणि पगारी तलाठी आला. हा बदल रचनेने सहज पेलला, कारण नमुने कोणा घराण्यासाठी नव्हे तर पदासाठी आखलेले होते. दुसरा धक्का जड होता. 1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावोगाव सर्व्हे नंबरांऐवजी गट नंबर आले. संगणकाच्या परिभाषेत सांगायचे तर ज्या ओळखक्रमांकावर सर्व नमुने एकमेकांना बांधलेले होते तोच बदलला, आणि जुन्या–नव्या क्रमांकांची जुळणी दाखवणारी पत्रके जेथे नीट राहिली नाहीत तेथे आजोबांच्या नावाचा कागद आणि नातवाच्या नावाचा कागद यांत दुवाच उरला नाही.

नीरा उजव्या कालव्याने माळशिरस तालुक्याचा उत्तर भाग उसाखाली आणला, माळीनगर आणि अकलूज या बाजूला साखर कारखाने उभे राहिले, आणि नमुना 12 चे वजन एकाएकी वाढले. पीक जलसिंचित की अजलसिंचित, पाणी विहिरीचे की कालव्याचे, ऊस किती गुंठ्यांत, यांवर कर्ज, पाणीपट्टी आणि कारखान्याची नोंद अवलंबून राहू लागली. नमुना 7 आणि 12 एकाच कागदावर छापले जाऊ लागल्याने ‘सातबारा’ हा शब्द घराघरांत गेला, आणि मालकीची कायम नोंद व हंगामापुरती पीकनोंद या दोन भिन्न प्रकृतीच्या गोष्टी लोकांच्या मनात एक झाल्या. हा संकर सोयीचा होता पण शास्त्रशुद्ध नव्हता, आणि पीकपाहणीच्या नोंदीवरून ताब्याचे वाद उभे राहिले ते त्यामुळेच.

केंद्र सरकारने 1988–89 मध्ये भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. पुढे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या मदतीने सातबारा तालुक्या-तालुक्यांत संगणकावर आला. परंतु पहिल्या टप्प्यात संगणकावर चढवले गेले ते सातबाऱ्याचे उतारे, म्हणजे प्रणालीचे फळ. फेरफाराची प्रक्रिया, म्हणजे तिचे मूळ, कागदावरच राहिली. तलाठी वहीत फेरफार लिहून प्रमाणित करून घेई आणि संगणकातील उतारा मागाहून कधी तरी दुरुस्त होई, त्यामुळे एकाच गटाचे दोन सातबारे, एक हस्तलिखित आणि एक छापील, वेगवेगळे बोलू लागले. अँडरसनने ज्या नियमावर सारे उभारले होते, की नमुना 7 हा नमुना 6 मधूनच बदलावा, तोच येथे विसरला गेला. विश्लेषणाचा टप्पा वगळून थेट टंकलेखनाला बसल्याचा हा परिणाम होता.

ही चूक सुधारण्याचे काम पुण्याच्या जमाबंदी आयुक्त कार्यालयाच्या ई-फेरफार प्रकल्पाने केले. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले गेले की त्याची माहिती तहसील कार्यालयाकडे जावी, तेथून फेरफार निघावा, नोटीस आणि हरकतीची मुदत यंत्रानेच मोजावी, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच सातबारा बदलावा, असा ओघ त्यात आखला गेला. आधीच्या टंकलेखनातील चुका शोधण्यासाठी 2017 मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले: संगणकातील नोंदी लोकांसमोर मोठ्याने वाचायच्या आणि हस्तलिखिताशी ताडायच्या. नव्या प्रणालीची तपासणी अखेर चावडीतच करावी लागली, कारण खरे काय ते तेथील माणसांनाच ठाऊक होते. 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे मिळू लागले, आणि 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू होऊन नमुना 12 ची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून करू लागला. त्याबरोबर दीडशे वर्षांत प्रथमच नोंद करणारा आणि नोंदीचा लाभ घेणारा एकच झाला. तपासणीसाठी तलाठ्याकडे काही नोंदी पडताळण्याचे काम उरले असले, तरी नोंद आणि तिचा फायदा यांत विंगेटने जे अंतर ठेवले होते ते येथे उरलेले नाही.

सर्वांत जुना तिढा मात्र मोजणी आणि हक्क या दोन प्रणालींच्या सांध्यातच राहिला आहे. गटाच्या सातबाऱ्यावर भावांच्या नावापुढे क्षेत्र लिहिलेले असते, पण त्या क्षेत्राची हद्द भूमी अभिलेख कार्यालयाच्या नकाशात बहुधा नसते, कारण पोटहिस्सा हक्काच्या नोंदवहीत आपसातल्या वाटणीने पडतो आणि नकाशावर तो मोजणीची फी भरून मोजणी मागितल्यावरच उमटतो. तलाठी महसूल खात्याचा आणि मोजणीदार भूमी अभिलेख खात्याचा. दोघांच्या कागदांना जोडणारा क्रमांक गटापर्यंत येतो आणि तेथेच थांबतो. नीरेच्या दोन्ही तीरांवरील उसाच्या फडांत आज जे बांधांचे वाद चालतात त्यांपैकी पुष्कळसे याच जागी, 1903 मध्ये सोडून दिलेल्या या अर्ध्या सांध्यापाशी, येऊन अडतात.